गोडं पाणी, खारं पाणी: विहिरीत शिकलेल्यांनी समुद्रात उतरायच्या आधी

मे महिना आला की आमच्याकडं दरवर्षी तेच. पोरं विहिरीत पडून पडून काळीठिक्कर होतात आणि एखाद्या शनिवारी कुणाच्यातरी डोक्यात येतं, चला रे गोव्याला. गाडी भरायची, चोर्ला घाट उतरायचा, आणि किनाऱ्यावर कपडे काढता काढता एकजण हमखास म्हणतोच, "अरे खाऱ्या पाण्यात माणूस बुडत नाही, आपोआप तरंगतंय." मी हे लहानपणापासनं ऐकतोय. यातलं मीठाचं गणित बरोबर आहे, बाकी सगळं चूक आहे, आणि चूक आहे तिथंच लोकं मरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, पोहायला शिकलो मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधून. थोरले काका वाळका भोपळा बांधून शिकलेले, ते अजून आमच्या कॅनला हसतात. समुद्राशी संबंध आला तो कारवारच्या दाजींमुळं, त्यांच्यासोबत भागीत एक जुनी फायबरची होडी घेतली, त्यामुळं आता दोन्ही पाण्यात वर्षातनं बऱ्याच वेळा असतो.

आधी मीठ नेमकं किती मदत करतंय ते घरीच बघा. शाळेत अंड्याचा प्रयोग दाखवतात की नाही, साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं, तोच, पण समुद्राच्या मापानं करा. एक लिटर पाणी घ्या, त्यात 35 ग्रॅम मीठ घाला, म्हणजे सपाट सहा चमचे धरा. समुद्राचं पाणी साधारण एवढंच खारट असतं. आता ताजं अंडं सोडा. बुडालं? बुडणारच. ते वर यायला याच्या तिप्पट तरी मीठ लागतंय. मास्तर लोकं पेल्यात मूठभर मीठ ओततात म्हणून अंडं तरंगतंय. पेपर वाचत पाण्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, तो मृत समुद्राचा, तिथं मीठ आपल्या समुद्राच्या नऊ-दहापट आहे. गोव्यात कळंगुटच्या किनाऱ्यावर पेपर घेऊन झोपायला जाऊ नका.

हिशोब असा आहे. एक लिटर गोडं पाणी एक किलोचं, एक लिटर समुद्राचं पाणी 1 किलो 25 ग्रॅमच्या आसपास. फरक अडीच टक्क्याचा. 70 किलोच्या माणसाला पाणी खालनं पावणेदोन किलो जादा उचलतंय, बास. हे कमी वाटतंय खरं माणसाचं शरीर मुळात काठावरचंच असतंय, छाती भरून श्वास घेतला की तरंगतो, सोडला की बुडतो, त्यामुळं पावणेदोन किलोनंपण पाण्यात फरक कळतो. विहिरीत उताणं पडून बघा, पाय हळूहळू खाली जातात, कान पाण्यात, नाक कसंबसं वर. तेच शांत समुद्रात केलं की पाय आपोआप वर येतात, हनुवटी पाण्याबाहेर. म्हणून समुद्रात पाय मारायची घाई करू नका, कंबर वर असतीच, हातावर पोहा आणि दम वाचवा. उलट गोव्यात नाहीतर मालवणात वाढलेला माणूस आमच्या धरणाच्या पाण्यात आला की त्याला पहिल्या दहा मिनिटात वाटतं आज अंग जड झालंय काय. अंग तेच आहे, पाणी हलकं आहे. त्यानं श्वास घेताना मान जरा जास्त वळवायची आणि नेहमीच्या अंतराच्या निम्म्यातनंच परत फिरायचं.

आता चूक कुठं आहे ते. विहिरीत पाणी तुम्हाला कुठं नेत नाही. सूर मारा, मुटका मारा, जिथं पडलात तिथंच वर येता, चार हात मारले की पायरी. समुद्रात पाणी स्वतः चालतंय. मीठ तुम्हाला वर धरील हो, खरं धरून आत नेईल त्याचं काय? लाटा किनाऱ्यावर आपटून जे पाणी वर येतंय ते कुठनंतरी परत जाणारच, ते एका पट्ट्यातनं जोरात आत जातं. ही ओढ ओळखायची खूण म्हणजे दोन्ही बाजूला लाटा फुटतायत आणि मधेच एक शांत, जरा गढूळ पट्टा दिसतोय, फेस आत चाललाय. आणि आमची मंडळी नेमकी तिथंच उतरतात, "हितं लाटा नाहीत, पोरांना बरं" म्हणून! सापडलातच तर किनाऱ्याकडं सरळ पोहू नका, ओढीच्या उलट चांगला पोहणारासुद्धा दमतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा, पट्टा अरुंद असतो, त्यातनं बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला बाहेर आणतात. आडवंपण जमेना तर उताणं पडा, एक हात वर करा आणि तरंगत रहा, हितं ते पावणेदोन किलो उपयोगाला येतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासनं 'दृष्टी' कंपनीचे लाइफगार्ड असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, नुसता लाल झेंडा असला की नाही म्हणजे नाही. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नाही, गोवा-कारवारला यांत्रिक होड्यांची मासेमारीसुद्धा 1 जून ते 31 जुलै बंद असती ती काय उगीच नाही.

भरती-ओहोटीचं दाजींनी शिकवलेलं गणित सांगतो, मोबाइलला रेंज नसली तरी चालतंय. कालनिर्णयात तिथी बघायची आणि तिला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा अंदाजे टाइम. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासनं परत एक धरायचा. दोन भरत्यांमधे बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळं तोच आकडा सकाळी आणि रात्रीपण बसतो, आणि मधे सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी निवांत. पोरांना घेऊन जायचंय तर अष्टमी-नवमी धरा. हे अंदाजाचं काम आहे, होडी काढायची असेल तर बंदराच्या टाइमटेबलवरच जा. देवबाग, सदाशिवगड असल्या जागी, जिथं नदी समुद्राला मिळती, ओहोटी चालू असताना पोहायचं नाही, नदी आणि ओहोटी दोन्ही एकाच दिशेला ओढतात.

आता म्हणाल गोडं पाणी बरं. तिथंपण आहे की. धरणाच्या बॅकवॉटरला काठ बघून फसू नका, पाण्याखाली जुनं शेत, बांध, झाडाचे बुंधे, आणि गुडघाभर गाळ, पाय रुतला की काढताना दुसरा रुततो. चार पावलं कमरेएवढं आणि पाचव्याला तळच नाही असं हिडकल धरणाच्या काठाला माझंच झालंय. आणि गार पाणी! वरचं दोन-तीन फूट उन्हानं कोमट, त्याच्या खाली एकदम थंड, उंचावरनं सूर मारला की श्वास अडकतो, विहिरीत शिकलेल्यांना ठाऊक असतंय खरं शहरातनं आलेल्या पाहुण्यांना सांगा. नदीचं वेगळंच, आपल्याकडं पाऊस नसला तरी कोयनेतनं पाणी सोडलं की चिकोडी-अथणीकडं कृष्णा चढती. कृष्णेत आणि दांडेलीला काळी नदीत मगरी आहेत, त्यामुळं गावातली माणसं जिथं उतरत नाहीत तिथं आपणपण उतरायचं नाही. राकसकोपचा जलाशय तर बेळगावच्या पिण्याचं पाणी, तिथं पोहायचा विषयच नको.

एक अजून, केरळात मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या बातम्या आल्या ना, तो कोमट गोड्या पाण्यात असतो, समुद्राच्या खारटपणात जगत नाही. लागण लई क्वचित होती खरं झाली की जगणं अवघड. पाणी पिऊन काही होत नाही, नाकातनं वर गेलं तरच. म्हणून उन्हाळ्यात तळातलं, साचलेलं, हिरवं पाणी असेल तर मुटका मारायचा नाही, नाक क्लिपनं धरायचं. समुद्रात त्याऐवजी जेलीफिश. चावली की नळाचं गोडं पाणी ओतू नका, चिकटलेल्या तंतूतलं उरलेलं विष त्यानं अजून सुटतं, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, तंतू चिमट्यानं अलगद काढा, मग सोसेल एवढ्या गरम पाण्यात वीस मिनिटं. लघवी वगैरे प्रकार करू नका रे बाबांनो. समुद्रात जायच्या आधी काखेत आणि मांड्यांना खोबरेल लावा, मिठानं घासून सोलटतंय, आणि माणशी एक लिटर पाणी जवळ ठेवा.

कोण बुडालाच तर दोन्ही पाण्यात उपाय एकच. उडी मारू नका, कॅन फेका, दोर फेका, साडी फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं हे सगळं बंद. श्वास नसेल तर 112 ला फोन लावायला सांगा, आधी तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबा, 30 दाबांना 2 श्वास. आणि शुद्धीवर आला, चहा प्याला तरी दवाखान्यात न्यायचाच.

आता होडी. पाणी हलकं असलं की होडी जास्त बुडती, तेच अडीच टक्के. समुद्रात 40 सेंटीमीटर बुडणारी सरळ बुडाची होडी धरणात 41 बुडेल. एका सेंटीमीटरनं काय होतंय म्हणाल, खरं भरून बसलेल्या होडीला काठ पाण्यापासनं वीतभरच असतो आणि एक पाहुणा जादा चढतोच. मुरगाव बंदरात मोठ्या जहाजांच्या अंगावर रेषा आणि एस, टी, एफ अशी अक्षरं बघा, एफ म्हणजे गोड्या पाण्याची रेषा, ती समुद्राच्या रेषेच्या वर असती, तेच हे गणित. काळी नदीला हा सगळा धडा एकाच नदीत मिळतो, गणेशगुडीला राफ्टिंग करताना पाणी गोडं आणि जोर सुपा धरणातनं किती सोडलंय त्यावर, आणि तीच नदी सदाशिवगडला मचूळ, पुलाच्या पुढं खारी. तर, माणसं मोजायची ती गोड्या पाण्याच्या मापानं, म्हणजे दोन्हीकडं चालतंय. लाइफ जॅकेट घालून खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. आतल्या लेबलवर 50 न्यूटन (जॅकेट किती जोरानं वर उचलतंय त्याचं माप) असेल तर ते फक्त पोहता येणाऱ्यांसाठी, पोहता न येणाऱ्याला 100 पाहिजे, खुल्या समुद्राला 150.

आणि इंजिन. हितं मी स्वतः मार खाल्लाय. पहिल्या वर्षी समुद्रातनं आलो की ताडपत्री घालून सरळ बांगड्याच्या कढीवर. विकणाऱ्यानं सांगितलेलं "मरीन इंजिन आहे हो, काही होत नाही". चार महिन्यांनी उघडलं तर आतल्या पाण्याच्या वाटा मिठानं चोंदलेल्या, ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर, आणि एक बोल्ट पाना लावताच कट करून तुटला. तो तुटलेला बोल्ट काढायलाच दीड दिवस गेला. तर पद्धत अशी: निळं पिंप गोड्या पाण्यानं भरायचं, इंजिनचा खालचा भाग पंख्यासकट त्यात सोडायचा, पाणी ओढायच्या जाळीच्या वरपर्यंत पाणी पाहिजे, न्यूट्रलवर दहा मिनिटं चालवायचं. मागनं बारीक पिचकारी पडली पाहिजे, पडत नसेल तर लगेच बंद, आत कचरा अडकलाय. कोरडं तर एक मिनिटपण चालवायचं नाही, आतल्या पंपाचं रबर जळतंय. मग दोर, नांगर, बॅटरीची टोकं सगळं धुवून टोकांना व्हॅसलिन. बोल्ट बदलायचे तर स्टील 316 नंबरचं मागा, 304 समुद्रात गंजतंय.

इंजिनला जो धातूचा तुकडा स्वतः झिजून बाकीचं वाचवतो ना, तो पाण्याप्रमाणं वेगळा असतो, समुद्राला जस्ताचा, कायम गोड्या पाण्यात असेल तर मॅग्नेशियमचा, दोन्हीकडं किंवा खाडीत फिरत असाल तर ॲल्युमिनियमचा. जस्ताचा गोड्या पाण्यात वर थर धरून गप्प बसतो, कामच करत नाही, आणि मॅग्नेशियमचा समुद्रात बघता बघता संपतो. निम्मा झिजला की बदला, आणि त्याला रंग लावू नका. आमच्या एका मित्रानं मोठ्या हौसेनं होडीसोबत त्यालापण निळा रंग मारलेला.

गोड्या पाण्यात हा ताप नाही खरं जलपर्णी पंख्यात गुंडाळती, सुरी जवळ ठेवा, इंजिन बंद करून मगच हात घाला. आणि एका तळ्यातनं दुसऱ्या तळ्यात नेताना होडी वाळवून, बुडाचं पाणी काढून न्या, त्या हिरव्या दांड्यांचा एक तुकडा गेला तरी पुढच्या वर्षी ते तळं भरलेलं असतंय. धरणात इंजिनची होडी टाकायच्या आधी पाटबंधारे खात्याची परवानगी काढा.

लाकडी होडी असेल तर समुद्रात तिला किडा पोखरतो, त्यासाठी जुनी माणसं काजूच्या टरफलाचं तेल लावायची. आपल्या खानापूर-चंदगडकडं काजू भरपूर, टरफलाचं तेल हवं असेल तर कारखान्यात विचारा, हातमोजे घालूनच लावा, कातडीवर पडलं की फोड येतात, दाजींच्या मनगटावर अजून डाग आहे.