सौर लोरा सेन्सर शिळं रीडिंग देतोय? या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ आलं की द्राक्षबागायतदाराला पानांवरचा ओलावा आत्ताचा हवा असतो. सहा तासांपूर्वीच्या आकड्यावर डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी ठरवता येत नाही. नेमका अशाच हवेत लोराने, म्हणजे कमी ऊर्जेत लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओने, रीडिंग पाठवणारा सौर सेन्सर मागे पडतो. मोठं पॅनेल घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

सर्वात जास्त फसवतो तो सुपरकपॅसिटर, म्हणजे पॅनेलची ऊर्जा साठवणारा मोठा कपॅसिटर. १ फॅरडचा, ५ वरून ३.३ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ७ ज्यूल देतो. २० डीबीएम प्रक्षेपण शक्तीवर रेडिओ साधारण १२० मिलिअँपिअर खेचतो आणि एसएफ१२ वर (लोराची सर्वात संथ पण लांब पल्ल्याची सेटिंग) १० बाइटचा संदेश जवळपास दीड सेकंद चालतो, म्हणजे खर्च ०.६ ज्यूल. हिशेब बसतो, तरी पाठवताना बोर्ड रीसेट होतो. कारण ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध. नाण्याच्या आकाराच्या प्रकारात तो ३० ओहमही असू शकतो. १२० मिलिअँपिअरला तिथेच ३.६ व्होल्ट पडतात. मल्टिमीटरला ही क्षणिक घसरण दिसत नाही, ऑसिलोस्कोप लावा. १ ओहमहून कमी ईएसआरचा कपॅसिटर घ्या. सेशन की (नेटवर्कशी जोडणीची गुप्त किल्ली) आणि फ्रेम काउंटर (संदेशांची मोजणी) वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत जपा, नाहीतर प्रत्येक रीसेटनंतर नेटवर्कला नव्याने जॉइन होण्यात ऊर्जा जाते.

तोच संदेश एसएफ७ या जलद सेटिंगवर ०.०६ सेकंदात जातो, पण त्याला चांगला सिग्नल लागतो. म्हणून गेटवेचा (संदेश घेऊन इंटरनेटवर पोचवणाऱ्या यंत्राचा) अँटेना उंच करणं पॅनेलपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरी चूक: ऊर्जा जमली की लगेच पाठवणं. एका संदेशापुरती ऊर्जा जमायला लागणारा सरासरी वेळ १ धरू आणि ती अनियमितपणे येते असं मानू. साठा एकाच संदेशाचा असेल, तर लगेच पाठवल्यास माहितीचं सरासरी वय (शेवटचं पोचलेलं रीडिंग किती जुनं आहे ते) १ राहतं. आधीचा संदेश अगदी ताजा असताना थोडं थांबल्यास ०.९० पर्यंत येतं. साठा भरपूर असेल आणि समान अंतराने पाठवलं, तर ०.५ च्या जवळ. पाठोपाठ गेलेला दुसरा संदेश फारसं नवं काही सांगत नाही, पुढची पोकळी मात्र वाढवतो. सुरुवातीला कपॅसिटर ४.५ व्होल्टच्या वर असेल तर दर १५ मिनिटांनी, त्याखाली ३० मिनिटांनी, ४ च्या खाली तासाला एकदा पाठवा.

पोच आली नाही म्हणून जुनंच रीडिंग पुन्हा पुन्हा पाठवू नका. नवं मोजा आणि तेच पाठवा. साचलेली रीडिंग आलेखासाठी हवी असतील, तर ती ऊन असताना, ताज्या रीडिंगच्या मागून जाऊ द्या. आणि मोजल्यापासून किती सेकंद झाले, ते संदेशातच २ बाइटमध्ये घाला. सर्व्हर स्वतःची वेळ लावतो, त्यामुळे रांगेत अडकलेलं रीडिंगही आत्ताचंच वाटतं.