आयएनजीवाला शब्द जेरंड की पार्टिसिपल, हे कसं ओळखायचं?

आयएनजीचं शेपूट दोघांनाही सारखंच असतं, त्यामुळे शब्दाकडे कितीही टक लावून बघितलं तरी उत्तर मिळत नाही. तो वाक्यात काय काम करतोय ते बघा. नामाचं काम करत असेल तर जेरंड, विशेषणाचं किंवा क्रियापदाचं करत असेल तर पार्टिसिपल. (जुन्या इंग्रजीत दोघांचे प्रत्यय वेगळे होते, पुढे ते एकरूप झाले आणि हा घोळ मागे उरला.)

पहिली चाचणी आपल्या मराठी कानाची. 'स्विमिंग इज फन' म्हणजे पोहणं मजेचं: 'णं' आलं, जेरंड. 'अ क्राइंग चाइल्ड' म्हणजे रडणारं मूल, 'शी केम इन क्राइंग' म्हणजे ती रडत आली: 'णारा' किंवा 'त' आला, पार्टिसिपल. 'आय एन्जॉय रीडिंग'चं मराठी 'मला वाचायला आवडतं' असं होतं. तिथे 'वाचणं' घालून बघा, बसतं.

आता ही जोडी नीट बघा. 'बर्निंग लीव्हज इज बॅड फॉर द एअर' आणि 'बर्निंग लीव्हज आर ऑल ओव्हर द यार्ड'. पहिल्यात पानं जाळणं वाईट आहे. कर्ता जाळण्याची क्रिया, ती एकवचनी, म्हणून 'इज', म्हणून जेरंड. दुसऱ्यात जळणारी पानं पसरली आहेत. कर्ता पानं, म्हणून 'आर', आणि 'बर्निंग' त्यांचं विशेषण. मराठीत 'जाळणं' आणि 'जळणं' वेगळे असल्यामुळे हा फरक आपल्याला चटकन कळतो.

पण हाच कान एका ठिकाणी हमखास फसवतो. 'विदाउट ईटिंग' म्हणजे न खाता, 'ऑन हिअरिंग द न्यूज' म्हणजे बातमी ऐकताच. 'ता', 'ताच' ऐकून पार्टिसिपल वाटतं, तरी दोन्ही जेरंडच, कारण आधी प्रिपोझिशन (नामाआधी येणारा 'विदाउट', 'ऑन'सारखा शब्द) आहे आणि प्रिपोझिशननंतर नामच लागतं. इथे मराठी बाजूला ठेवा, प्रिपोझिशनचं ऐका. 'व्हाइल ईटिंग'मधला 'व्हाइल' मात्र प्रिपोझिशन नव्हे, उभयान्वयी अव्यय आहे. तिथलं 'ईटिंग' पार्टिसिपल.

'स्लीपिंग बेबी' हे झोपलेलं बाळ, पण 'स्लीपिंग बॅग' काही झोपलेली नसते, ती झोपण्यासाठी असते: जेरंड.

'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'मध्ये 'मीट' लिहिण्याची चूक फार होते. 'टू'पुढे 'द पार्टी' ठेवून बघा. नाम बसलं, म्हणजे हा 'टू' प्रिपोझिशन आहे आणि पुढे जेरंडच हवं.