‘अनेबल’ हा शब्द मी उशिरा शिकले

को-पायलट म्हणून माझे पहिलेच काही महिने होते. ए-३२० हे प्रवासी विमान, संध्याकाळची वेळ, वारा पाठीमागून. विमान कॅप्टन उडवत होते, रेडिओ माझ्याकडे होता. धावपट्टी आठ मैलांवर असताना अप्रोच कंट्रोलरने, म्हणजे विमानांना उतरण्यासाठी धावपट्टीकडे आणणाऱ्याने, सांगितलं, ‘चार मैलांपर्यंत १८० नॉट वेग ठेवा, मागे विमान आहे.’ मी क्षणात रीडबॅक दिला, म्हणजे सूचना तशीच परत म्हणून दाखवली. फ्लाइंग स्कूलमध्ये रीडबॅक अडखळला की ओरडा बसायचा, त्यामुळे ऐकलं की म्हणून टाकायचं ही सवयच लागली होती.

हिशेब मात्र मी केलाच नव्हता. चार मैलांवर उंची साधारण १३०० फूट. हजार फुटांवर विमान स्थिर हवं, म्हणजे वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), इंजिनची पॉवर सगळं जागच्या जागी. त्या दिवशी आम्हाला अखेरीस १३५ नॉट हवे होते. फुल फ्लॅप १७७ च्या वर लावता येत नाहीत. आणि तीन अंशांच्या उतारावर, पाठवाऱ्यात, वेग कमी होता होत नाही. हजार फुटांवर आम्ही कुठेच स्थिर नव्हतो. कॅप्टननी गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेलं. खाली आल्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, तू हो म्हणालीस तेव्हाच मला दिसत होतं की हे जमणार नाही. मी बोलायला हवं होतं. पण आधी तू.’

उत्तर एका शब्दाचं होतं: ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही. हा अधिकृत रेडिओ शब्द आहे, उद्धटपणा नाही. तो म्हणताना लगेच काय जमेल तेही सांगा: ‘अनेबल, १६० टिल फोर माइल्स.’ कंट्रोलरला तुमचं वजन, तुमच्या उंचीवरचा वारा, फ्लॅपची मर्यादा दिसत नसते. नकार मिळाला की तो मागच्या विमानाला वळवतो किंवा त्याचा वेग कमी करतो. त्याची खरी अडचण होते ती हो म्हणून गुपचूप वेग कमी करणाऱ्याने, कारण मागच्याचं अंतर त्याने तुमच्या शब्दावर बेतलेलं असतं. चार मैलांच्या आत वेगाचं बंधन घालू नये असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, तोही लक्षात ठेवा.

मुंबईला नवखे घाबरतात ते वेगळ्याच गोष्टीला. तिथल्या ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरात असते. उतरणाऱ्या दोन विमानांच्या मध्ये एक उड्डाण सोडतात. त्यामुळे ‘कंटिन्यू अप्रोच’ ऐकत तुम्ही खाली येत राहता, आणि पुढचं विमान अजून धावपट्टीवरच दिसत असतं. ‘कंटिन्यू’ म्हणजे लँडिंग क्लिअरन्स, उतरायची परवानगी, नव्हे. मी पाचशे फुटांच्या आधीच गो-अराउंडची पावलं मनात म्हणून घेते: पॉवर, फ्लॅप, गिअर, किती उंचीपर्यंत, कुठे वळायचं. परवानगी आली नाही तर मग हात आपोआप चालतात.

शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलली तर वेळ मागा. संगणकात नवा अप्रोच भरून तो दोघांनी तपासल्याशिवाय स्वीकारू नका.

इंधनाबद्दल मात्र संकोच अजिबात नको. २५ जानेवारी १९९० ला आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला येत होतं. तासाहून जास्त वेळ त्याला हवेत थांबवलं गेलं, पहिला अप्रोच फसला, आणि इंधन संपून ते लाँग आयलंडवर कोसळलं. ७३ जण गेले. इंधन संपत आल्याचं वैमानिक सांगत होते, पण आणीबाणी त्यांनी कधीच जाहीर केली नाही. हा प्रसंग मी जेव्हा वाचते तेव्हा पोटात गोळा येतो, कारण तो भिडस्तपणा मला ओळखीचा वाटतो. आता ‘मिनिमम फ्यूएल’ आणि ‘मेडे फ्यूएल’ असे ठरलेले शब्द आहेत. पहिल्याने कंट्रोलरला कळतं की आणखी उशीर परवडणार नाही. पण प्राधान्य हवं असेल तर दुसराच, म्हणजे आणीबाणी जाहीर करणारा, वापरावा लागतो.

एका बाबतीत तर विचारत बसायचंच नाही. टीकॅस, म्हणजे विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा, ‘क्लाइंब’ (वर जा) म्हणत असेल आणि कंट्रोलर ‘डिसेंड’ (खाली या), तर टीकॅसचं ऐकायचं आणि रेडिओवर ‘टीकॅस आरए’ (टीकॅसने दिलेला आदेश) एवढंच सांगायचं. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनजवळ तुपोलेवच्या वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकून विमान खाली नेलं. समोरचं मालवाहू बोइंगही टीकॅसच्या सांगण्यावरून खालीच येत होतं. ७१ माणसं गेली.

आरटीआरची, म्हणजे रेडिओ वापरण्याच्या परवान्याच्या परीक्षेची, तयारी करताना आपण रीडबॅक घोकतो. त्याच्याच जोडीला ‘अनेबल’, ‘स्टँडबाय’ (थांबा), ‘से अगेन’ (पुन्हा सांगा), ‘रिक्वेस्ट व्हेक्टर्स’ (दिशा सांगा) हेही मोठ्याने म्हणा, आरशासमोर किंवा मित्राला कंट्रोलर करून. मी ही सवय त्या संध्याकाळनंतर लावून घेतली. आजही नवा को-पायलट शेजारी असला की ब्रीफिंगमध्ये त्याला सांगते, ‘तुला जमणार नाही असं वाटलं तर माझ्याकडे न बघता स्टँडबाय म्हण. मग आपण दोघं बघू.’