यकृतकेची नवी नोंद: ओळख पटवण्यापासून वर्णनापर्यंत

पावसाने जोर धरला की कोकणात जांभ्याच्या ओल्या, सावलीतल्या दरडींवर पातळ, पिवळसर हिरवी आणि तिरक्या उजेडात चमकणारी यकृतका (लिव्हरवर्ट, म्हणजे शेवाळासारखी दिसणारी, फुले न येणारी लहान वनस्पती) दिसू लागते. ही बहुधा सायथोडियम प्रजातीतली (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली) असते. तिची जाती त्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून पूर्वी कोणी नोंदवलेली नसेल, तर ती नवी नोंद ठरते. नव्या जातीसाठी मूळ नमुना ठरवून नाव द्यावे लागते. नव्या नोंदीत नाव आधीच अस्तित्वात असते आणि आपला नमुना त्याच नावाचा आहे, हे पुराव्यानिशी दाखवायचे असते.

अभयारण्यात नमुने घ्यायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. तळहाताएवढ्या वाढीतून काडेपेटीएवढाच तुकडा सुरीने मातीसकट अलगद सुटा करावा आणि कागदी पाकिटात ठेवावा, कारण प्लॅस्टिकमध्ये तो कुजतो. तारीख, उंची, अक्षांश-रेखांश, आधार माती आहे की खडक की झाडाची साल, सावली किती आणि शेजारी आणखी काय उगवले आहे, हे सारे तिथेच लिहावे. वाससुद्धा लिहावा, सायथोडियम फीटिडिसिमम या जातीला नावच दुर्गंधीवरून मिळाले आहे आणि वाळलेल्या नमुन्यातून तो पुरावा परत मिळत नाही.

याच कारणासाठी ताज्या नमुन्याची तपासणी पुढे ढकलू नये, असा माझा आग्रह आहे. फ्रुलानिया, लेज्युनिया यांसारख्या पर्णयुक्त यकृतकांच्या पेशींतील तैलपिंडांची (तेलाच्या सूक्ष्म थेंबांसारख्या कणांची) संख्या, आकार आणि घडण ओळखीला फार उपयोगी पडते, परंतु नमुना वाळला की ते बहुधा नाहीसे होतात. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच पाण्यात काचपट्टी तयार करून त्यांची छायाचित्रे घ्यावीत. पानांची मांडणी, खालच्या बाजूची पाने आणि पेशींच्या कोपऱ्यांतील जाडी नंतरही पाहता येते.

थॅलस (खोड-पाने वेगळी नसलेले चपटे अंग) असलेल्या यकृतकेचा आडवा छेद गाजराच्या फोडीत धरून नव्या पात्याने घ्यावा. एक छेद नीट दिसला म्हणून तिथेच थांबू नये; वेगवेगळ्या थॅलसांचे छेद पाहून हवेच्या पोकळ्या, वरची रंध्रे, खालचे खवले आणि मुलाभ (मुळांसारखे धागे) तपासावेत. नर व मादी अवयव एकाच थॅलसवर आहेत की वेगळ्या, हेही पाहावे.

रिक्सिया आणि फॉसोम्ब्रोनिया या प्रजातींत पक्व बीजाणूंवाचून जातीचे नाव सांगण्याचे धाडस करू नये, कारण बीजाणूंवरची नक्षी हाच तिथला मुख्य आधार आहे. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस त्याच जागी पुन्हा जावे. शिवराम कश्यप यांनी नामकरण केलेल्या सायथोडियम ट्यूबरोसममध्ये कोरड्या काळात तग धरणारे कंद तयार होतात. हंगामाच्या सुरुवातीच्याच नमुन्यावर विसंबले, तर ही खूण हातून निसटू शकते.

ओळखतालिकेतून (लक्षणे एकेक करून निवडत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यातून) नाव मिळाले म्हणजे काम झाले, असे मानू नये. तालिका दुसऱ्या प्रदेशासाठी केलेली असेल, तर आपली जाती तिच्यात नसूनही कुठल्यातरी नावापाशी आपण पोचतोच. त्यामुळे मूळ वर्णन वाचावे, समानार्थी नावे तपासावीत आणि संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहावे. जुन्या नावाखाली ती जाती याच प्रदेशातून आधीच नोंदवली गेल्याचे अनेकदा इथेच उघड होते.

वर्णन नेहमी आपल्या नमुन्यावरून लिहावे, ग्रंथातून उतरवू नये. रंग व वाढीची ठेवण, थॅलस किंवा पाने, पेशी, लैंगिक अवयव, बीजाणुधानी, बीजाणू असा क्रम ठेवावा; मापे सरासरीऐवजी किमान-कमाल मर्यादेत द्यावीत आणि प्रत्येक आकृतीवर मापपट्टी असावी. जो अवयव मिळाला नाही, त्याच्यापुढे ‘आढळला नाही’ असे स्पष्ट लिहावे. शेवटी सर्वांत जवळच्या जातीपासूनचा फरक नेमक्या लक्षणांनी सांगावा, आधीचा ज्ञात प्रसार द्यावा, आणि पुण्यातील आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षण यांच्यासारख्या मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक नोंदवावा, म्हणजे उद्या कोणाला शंका आली तर त्याला तेच पाकीट उघडून पाहता येईल.