सौर पॅनेल बसवण्यापूर्वी गच्चीवरील सावली कशी तपासावी

पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात निरुपद्रवी वाटणारी पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली त्या काळात उत्तरेकडे लांब सावली टाकते. म्हणून डिसेंबरातील एका निरभ्र दिवशी सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत दर तासाला सावलीची कड गच्चीवर खडूने आखावी. टाकीचा माथा पॅनेलपेक्षा दीड मीटर उंच असल्यास सकाळी नऊला ती सावली अडीच मीटरांहून लांब जाते.

एका साखळीतील (एकापाठोपाठ एक जोडलेल्या) सर्व पॅनेलांतून एकच विद्युतप्रवाह वाहत असल्याने एका कोपऱ्यावरील सावलीही छायेच्या क्षेत्रफळापेक्षा अधिक नुकसान करते. पॅनेलमधील बायपास डायोड (प्रवाहाला पर्यायी वाट देणारे सुटे भाग) छायेतला भाग वगळतात, पण त्या भागाची वीज जातेच. अशा ठिकाणी प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रो-इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे छोटे उपकरण) लावता येतो, मात्र खर्च वाढतो. माझ्या मते आधी टाकी हलवता येते का, ते पाहावे. ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. तरीही शेजारच्या इमारतीची सावली भर दुपारी पडत असेल, तर पॅनेल बसवू नयेत.