फॅन कन्व्हेन्शनची वेबसाइट स्वयंसेवक म्हणून करताय? या चुका टाळा

वर्ल्डकॉन हे विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन साधारणपणे दरवर्षी नव्या शहरात, नवी समिती भरवते आणि राबणारे असतात स्वयंसेवक. छोट्या संमेलनांतही माणसं बदलत राहतात. साइट बंद पडते ती बहुधा यामुळे. जुन्या माणसाकडे किल्ल्या राहतात आणि नव्याला काहीच सापडत नाही.

सर्वांत महागात पडते ती डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्याची चूक. घाईत कुणीतरी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कार्डावर डोमेन घेतं. पुढे तो माणूस बाजूला होतो, कार्डाची मुदत संपते आणि ऐन नोंदणीच्या दिवसांत साइट गायब. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग डोमेन रद्द झालं की ३० दिवसांत ते परत मिळवता येतं, पण नेहमीच्या शुल्कापेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. नंतर ते कुणीही घेऊ शकतं. म्हणून डोमेन संस्थेच्या नावावरच हवं. खात्याला जोडलेला ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो पत्ताही मरतो आणि पासवर्ड बदलायची लिंक कुणालाच मिळत नाही. टू-फॅक्टरचे, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचे, बॅकअप कोड किमान दोघांकडे ठेवा.

दुसरी नेहमीची तक्रार: स्टॉलवाल्यांनी फॉर्म भरला, पण समितीला काहीच आलं नाही. बऱ्याचदा कारण असतं फॉर्ममधून निघणाऱ्या मेलच्या फ्रॉम म्हणजे ‘पाठवणारा’ या रकान्यात. तिथे भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता टाकलेला असतो. मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून आणि नाव सांगतो जीमेलचं, म्हणून तो स्पॅममध्ये जातो किंवा थेट नाकारला जातो. फ्रॉममध्ये संमेलनाच्या डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये (उत्तर जिथे जायचं तो पत्ता) घाला, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जमध्ये, एसपीएफ व डीकेआयएम या मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी करा. शिवाय प्रत्येक अर्जाची प्रत साइटच्या डेटाबेसमध्येही राहू द्या. नुसत्या मेलवर विसंबणं धोक्याचं आहे.

वेळापत्रक फक्त पीडीएफमध्ये देऊ नका. सभागृहात हजारभर लोक एकाच वायफायवर असतात, तेव्हा २० एमबीची फाइल फोनवर उघडता उघडत नाही. साधं एचटीएमएल पान, वरती दिवसांचे दुवे, प्रत्येक कार्यक्रमापुढे दालनाचं नाव, एवढं पुरतं. ऑनलाइन सत्रं असतील तर टाइम झोन लिहाच. ऑगस्टमध्ये ग्लासगोतलं सकाळी १० चं सत्र पुण्यात दुपारी २.३० ला लागतं. नुसतं ‘१० वाजता’ लिहिलं तर घरून पैसे भरून सामील झालेला माणूस चुकीच्या वेळी येऊन बसतो.

आयत्या वेळी दालन बदललं, तुम्ही दुरुस्ती केली, तरी लोकांना जुनंच दिसतंय? हा कॅशचा, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा प्रश्न. संमेलनाच्या दिवसांत वेळापत्रकाच्या पानाची कॅश मुदत ५ मिनिटांवर आणा. तपासताना फोनवर, इनकॉग्निटो खिडकीत आणि साइटवर लॉग-इन न करता पाहा, कारण लॉग-इन केलेल्या अ‍ॅडमिनला कॅशचे बहुतेक प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) ताजंच पान दाखवतात.

चित्रकाराचं पोस्टर देखणं असतं, ते जरूर लावा. पण तारीख, स्थळ आणि तिकिटाचा दर त्या चित्रातच अडकवू नका. अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही, आणि तारीख बदलली तर चित्रकाराला पुन्हा गाठावं लागतं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) किमान ४.५:१ हवा. काळ्यावर गडद जांभळा रंग या कसोटीला उतरत नाही.

वर्डप्रेस वापरत असाल तर साइट खुली करताना सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावरची सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण काढली का, ते बघा. ती राहिली तर साइट गूगलवर सापडत नाही.

संमेलन संपल्यावर जुनी साइट पुसून त्यावर नवी चढवू नका. पाहुण्यांच्या याद्या, पुरस्कार, छायाचित्रं पुढच्या चाहत्यांसाठी मोलाची असतात. पत्त्यात वर्ष घालून, म्हणजे स्लॅश २०२५ अशा फोल्डरमध्ये, स्थिर एचटीएमएल प्रत, म्हणजे डेटाबेसशिवाय चालणारी साधी पानं, ठेवा. प्लगइन आणि डेटाबेस काढून टाका, आणि नोंदणीचं बटण आधी बंद करा, नाहीतर संपलेल्या संमेलनासाठीही कुणी पैसे भरतं.