लेदर व्हेस्टवरचा पॅच सुटत होता, तो असा पक्का केला

आमच्या बाइक क्लबचा पाठीवरचा मोठा पॅच, म्हणजे भरतकाम केलेला कापडी बिल्ला, हायवेवर वेग वाढला की कडेने उचलला जायचा. मागे गोंद होता, इस्त्रीने चिकटवायचा प्रकार. कापडावर तो बरा धरतो, पण लेदरवर त्याचा भरवसा नाही. तेलकट, गुळगुळीत पृष्ठभागावर पकड येत नाही आणि इस्त्री जास्त तापली तर लेदर आकसतं. म्हणून शिवायचंच ठरवलं.

आधी व्हेस्ट अंगात घालून, बाइकवर बसल्यासारखं वाकून जागा ठरवली. टेबलावर सरळ दिसणारा पॅच पाठीवर हमखास खाली सरकलेला वाटतो. टाचण्या अजिबात लावल्या नाहीत. लेदरला पडलेलं भोक बुजत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या बारीक पट्ट्यांवर पॅच बसवला.

खरी मेख टाक्यात आहे. टाके एकमेकांच्या फार जवळ पडले की भोकांची रांग तयार होते आणि लेदर तिथूनच फाटतं. मी ३ ते ४ मिलिमीटरचा टाका ठेवला. दोरा बाँडेड नायलॉनचा (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला), सुई लेदरची, आणि टीप पॅचच्या जाड काठाच्या अगदी आतल्या कडेने, काठाच्याच रंगात. ती जवळून पाहिली तरी दिसत नाही! अस्तराची खालची शिवण उसवून फक्त बाहेरच्या लेदरमधून टीप मारली. आतले खिसे त्यामुळे शाबूत राहतात.

नवा पॅच करून घेणार असाल तर भरतकामाचा दोरा पॉलिस्टरचाच मागा, उन्हापावसात रेयॉनपेक्षा रंग जास्त टिकतो.